मंडपातली एकांकिका : संवाद शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा?

रंगपट

गणपती अडीच महिन्यांवर आलेत. सोसायट्यांच्या ग्रुपवर "यंदा नाटक बसवू या का" ही चर्चा आता सुरू होईल, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. स्पर्धेच्या एकांकिका-नाटकांबद्दल आपण इथे नेहमीच बोलतो. पुरुषोत्तम, सवाई, राज्य नाट्य, सगळ्यांवर लिहून झालंय. मंडपातल्या नाटकाला मात्र "हौशी आहे, चालतंय" म्हणून सोडून देतात. खरं तर ते नाट्यगृहापेक्षा अवघड काम आहे. नाट्यगृहात अंधार आयता मिळतो, तिसरी घंटा झाली की लोक आपसूक गप्प होतात, आणि समोरचा माणूस तिकीट काढून नाटकच बघायला आलेला असतो. मंडपात प्रसादाची रांग, पळापळ करणारी मुलं, शेजारच्या गल्लीतलं ढोलपथक आणि डोक्यावर पांढरे फ्लडलाईट.

त्यात लोकांची बघायची सवय बदललीय. दिवसभर मोबाईलच्या उभ्या चौकटीतले चेहरे, दोन-तीन सेकंदांत कट, रुचलं नाही की अंगठ्याने पुढे. रात्री मालिका, तिथे एका वाक्यानंतर तिघांचे चेहरे आणि खाली धाडधाड पार्श्वसंगीत. मी दोन्ही आवडीने बघतो, तक्रार नाही. पण सोसायटीतला नट आधी प्रेक्षक असतो, त्यामुळे या सवयी त्याच्याही अंगात मुरतात. महत्त्वाचं वाक्य आलं की तो आवाज खाली घेतो, डोळे बारीक करतो आणि थांबतो. कॅमेरा जवळ असता तर ते पोचलं असतं. खुर्च्यांची एक रांग साधारण ३ फूट खाते, म्हणजे दहावी रांग स्टेजपासून ३० ते ३५ फुटांवर. तिथून बुबुळं हललेली दिसत नाहीत. मान वळली तर दिसते, खांदा वळला तर नक्की दिसतो. रील्स करणारी मुलं हात कायम छातीजवळ ठेवतात, कारण फोनच्या चौकटीत तेवढेच मावतात. स्टेजवर तेच हात आखडलेले दिसतात. कोपर बरगडीपासून सुटलं पाहिजे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून सांगा.

तरीही माझ्या लेखी मंडपातला पहिला प्रश्न ऐकू येण्याचा आहे. अभिनय पुढची गोष्ट. पहिल्या पाच मिनिटांत संवाद कळला नाही की खिशातले मोबाईल बाहेर येतात, आणि बाहेर आलेले मोबाईल परत आत जात नाहीत.

मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही मागून. "मी त्याच्याकडून पैसे घेतले नव्हते" या वाक्यातलं "नव्हते" गिळलं की मागच्या रांगेला तो माणूस गुन्हा कबूल करताना ऐकू येतो. आणि नवशिक्या नटाचा श्वास नेमका तिथेच संपतो. उपाय साधा आहे. संहितेत श्वासाच्या जागी पेन्सिलीने तिरकी रेघ मारा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली आडवी रेघ. मग पार्किंगमध्ये दोघांना ४० फुटांवर, एकमेकांकडे पाठ करून उभं करा. एकाने वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने त्या वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्याने परत म्हणायचा. चुकला की वाक्य पुन्हा. रोज तालमीआधी १० मिनिटं. यात ओरडायचं नाही. ओरडलं की स्वर ताणले जातात आणि व्यंजनं बुजतात, आणि अर्थ कळतो तो व्यंजनांवरूनच. "गेलात" मधला त आणि "ठेवलंय" मधला य ऐकू आला की काम झालं.

माईकबद्दल जाणकारांनी लिहावं. आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी संवाद आधी रेकॉर्ड करून स्टेजवर नुसते ओठ हलवतात, त्याबद्दलही बोलू या. मला ते अजिबात मान्य नाही.


ध्वनीखोली

मंडपवाला "साउंड" म्हणून जे आणतो ते आरती आणि गाण्यांसाठी असतं : दोन टॉप (बोलणं ऐकू येतं ते वरचे स्पीकर), दोन बेस (घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर), छोटा मिक्सर (माईकचे आवाज कमी-जास्त करायचं यंत्र), दोन हँडमाईक. नाटकाला वेगळी मांडणी सांगावी लागते, आणि ती आगाऊ रक्कम देतानाच सांगायची. ऐनवेळी सांगितलं की "आहे त्यात भागवा" होतं.

२४ फुटी स्टेज धरून सांगतो. पुढच्या कडेला तीन फूटमाईक (स्टेजवरच ठेवायचे माईक), डावीकडून ६, १२ आणि १८ फुटांवर. चपटे, पृष्ठभागावर टेकवायचे बाऊंडरी प्रकारचे मिळाले तर उत्तम. प्रत्येकाखाली अर्धा इंच जाडीचा स्पंज ठेवा, नाहीतर स्टेजच्या पोकळ लाकडी पाटांवरून पावलांचा धाडधाड आवाज संवादावर चढतो. मिक्सरवर प्रत्येक माईकला लो-कट चालू ठेवा, १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं काहीच नको. नाटकापुरते बेस बंद करा. बोलण्याची स्पष्टता साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, बेसमुळे फक्त गुरगुर वाढते.

टॉप कुठे ठेवले यावर शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून होणारी) वाजणार की नाही हे ठरतं. ते स्टेजच्या कडेच्या निदान ४ ते ५ फूट पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, आणि त्यांचं तोंड बसलेल्या माणसाच्या डोक्यावर येईल इतक्या उंच स्टँडवर हवेत. माईकच्या रेषेमागे टॉप गेला की शिट्टी ठरलेली. लांबट मंडपात पुढचा आवाज वाढवत नेऊ नका, पुढच्यांचे कान फुटतात आणि मागे तरीही गोंधळच राहतो. मध्यावर टॉपची आणखी एक जोडी लावा आणि तिला डिले द्या, म्हणजे तिचा आवाज किंचित उशिरा सोडा, दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. १५ मीटरवर जोडी असेल तर ४५ च्या आसपास. डिले नसेल तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

अंतराचा हिशेब नटांनाही माहीत हवा. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. ४ फुटांवर बोलणारा नट १६ फुटांवर मागच्या पडद्याशी गेला तर १२ डेसिबल गेले, आणि ते मिक्सरवरून भरून काढायला गेलं की शिट्टी. म्हणून कथानकाला आवश्यक वाक्यं पुढच्या निम्म्या स्टेजवरच बसवा. मागे जाऊन करायच्या त्या बिनबोलत्या गोष्टी.


सुमेधा_क

उत्तम माहिती. एक शंका : सगळ्यांना कॉलर माईक लावले तर हा प्रश्नच मिटत नाही का? भाड्याने सहज मिळतात.


ध्वनीखोली

सुमेधाताई, मिटत नाही, बदलतो. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची जागा सुमारे ३ डेसिबलने कमी होते. आठ नट, आठ माईक एकाच वेळी उघडे ठेवले तर ९ डेसिबल गेले. म्हणजे मिक्सरवर संहिता समोर घेऊन बसलेला माणूस लागतो, जो बोलणाऱ्याचाच माईक उघडेल आणि दुसऱ्याचा खाली घेईल. तो माणूस तालमींना आलेला हवा. मंडपवाल्याच्या मुलाकडून ऐनवेळी ही अपेक्षा करता येत नाही. एंट्रीच्या आधी माईक उघडला नाही की पहिलं वाक्य गेलं, आणि एक्झिटनंतर बंद केला नाही की विंगेतल्या (स्टेजच्या बाजूच्या आडोशातल्या) गप्पा अख्ख्या मंडपाने ऐकल्या.

दुसरं, कपडे. माईक हनुवटीच्या खाली वीतभर, छातीच्या मधोमध. तिथेच मंगळसूत्र असतं. प्रत्येक हालचालीला वाट्या माईकवर आपटतात आणि स्पीकरमधून खडे पडल्यासारखा आवाज येतो. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घ्या, किंवा नाटकापुरतं आखूड घाला आणि माईक त्याच्या खाली आणा. सिल्कचा पदर घासतो, सुती कमी घासतो. पदर माईकवरून जाऊ देऊ नका, खांद्याला दोन पिना मारा. माईकची डबी (ट्रान्समीटर) कमरेच्या पट्ट्यात, घामासाठी पातळ पिशवीत गुंडाळून. साडीच्या निऱ्यांमध्ये खोचला तर बसता-उठता निसटतो. सेल नवीन घाला, तालमीतले वापरू नका.

माझा सल्ला : बजेट मोजकं असेल तर तीन फूटमाईक, आणि ज्या पात्राला मागे बसून बोलणं भाग आहे, उदाहरणार्थ खाटेवरचे आजोबा, त्या एकालाच कॉलर.


आडपडदा

रेकॉर्डिंगच्या बाजूने बोलतो, कारण इथे त्याला कमी लेखलं जातंय. मंडपात आवाजाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. ढोलपथक आलं, पाऊस आला, विमान गेलं की संपलं. आधी शांत खोलीत सगळ्यांचे संवाद घेतले तर शब्द न् शब्द स्पष्ट मिळतो, संगीत बरोबर जागी बसतं, पाठांतराची भीती जाते. सत्तरीच्या काकूसुद्धा काम करू शकतात. आणि पंचवीस लहान मुलांचं पौराणिक नाट्य असेल तर दुसरा मार्गच नाही. मुलांना ओठ हलवणं रील्समुळे उत्तम येतं, एका दिवसात पाठ होतं. प्रेक्षकांनाही खटकत नाही. मग हट्ट कशासाठी?


रंगपट

आडपडदा, लहान मुलांच्या नृत्यनाट्याबद्दल पूर्ण सहमत. तिथे मुखवटे, दागिने आणि हालचाल मुख्य असते. तिथे रेकॉर्डिंगच बरं.

मोठ्यांच्या संवादप्रधान एकांकिकेत मात्र त्याने नाटकच जातं. कारण तांत्रिक आहे, भावनिक नाही. रेकॉर्डिंगला प्रेक्षक ऐकू येत नाही. विनोदावर हशा ८ सेकंद चालला तर ट्रॅक थांबत नाही, पुढची दोन वाक्यं हशात बुडतात. लोकांना हे दोनदा लक्षात आलं की ते हसणं आवरतात, पुढचं चुकू नये म्हणून. उलट हशा आला नाही तर ट्रॅकमध्ये आधी ठेवलेली मोकळी जागा भकास वाटते. एखाद्याची एंट्री तीन सेकंद उशिरा झाली की रिकाम्या जागेतून आवाज येतो. आणि आवाज स्पीकरमधून, एकाच पातळीचा, सगळ्यांचा सारखा, म्हणून बोलतंय कोण ते मागच्यांना कळत नाही. समोरच्या सहा जणांत नजर बोलणाऱ्याकडे जाते ती बरीचशी आवाजाच्या दिशेमुळे.

पावसाचा मुद्दा मान्य. पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की रेकॉर्ड केलेला संवादही ऐकू येत नाही.

आणि काकूंसाठी प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य विंगेतून सांगणारा, आहे की. त्या कलेकडे फारच दुर्लक्ष झालंय.


विंगेतून

प्रॉम्प्टिंगचा विषय निघाला म्हणून. प्रॉम्प्टरची जागा पुढच्या विंगेत, फूटमाईकपासून निदान ८ फुटांवर, नाहीतर त्याचाच आवाज आधी पोचतो. त्याने पहिल्या तालमीपासून हजर असलं पाहिजे, कारण नट अडकलाय की मुद्दाम थांबलाय हे त्याला कळायला हवं. वहीत प्रत्येक ठरवून घेतलेल्या पॉझवर गोल करून ठेवा. अडकलेल्याला अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिले दोनच शब्द, आणि कुजबुजून नव्हे, खालच्या पण खऱ्या आवाजात. कुजबुज नटाला कळत नाही, पहिल्या रांगेला मात्र ऐकू येते. टॉर्चवर निळा जिलेटिन (पारदर्शक रंगीत कागद) लावा.

आता स्टेज. २४ x १६ फूट म्हणजे ८ x ४ चे बारा पाट. उंची ३ फूट, फार तर साडेतीन. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतात. स्टेज ५ फुटी केला की पुढच्या दोन रांगांना पात्रं गुडघ्यापासून वर दिसतात. पण जमीन सपाट असल्यामुळे सहाव्या रांगेच्या मागच्यांना स्टेजवर बसलेलं किंवा आडवं पडलेलं पात्र दिसतच नाही. खाट, सोफा, जेवायला बसणं, हे सगळं मागच्या बाजूला एक ते दीड फूट उंचीच्या लेव्हलवर (चौथऱ्यावर) घ्या. म्हाताऱ्याचा मृत्यू जमिनीवर बसवला तर अर्ध्या मंडपाला तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

पाटांचे सांधे हाताने दाबून बघा. दोन पाटांमध्ये फट असेल तर वर जाजम अंथरून कडा खिळ्यांनी पक्क्या करा, साडीतल्या बाईची जोडवी त्यात अडकतात.

दाराची चौकट लावणार असाल तर मागून दोन तिरके ब्रेस (टेकू) आणि प्रत्येकाच्या पायावर १५ किलोची वाळूची पिशवी. दार ओढल्यावर भिंत हलली की प्रेक्षक पुढची पाच मिनिटं भिंतच बघतात. दार मागच्या बाजूला उघडणारं ठेवा, म्हणजे येणारं पात्र दारामागे झाकलं जात नाही. शक्य असेल तर दार टाळाच. नुसती चौकट आणि नटाने बरोबर केलेला कडीचा अभिनय पुरतो.

चहाचे कप अर्धेच भरा, कोमट पाण्यात रंग. स्टीलचे पेले वापरले तर फूटमाईकजवळ ठेवू नका. तालमीत पहिल्या दिवसापासून तेच कप, तीच काठी, तोच चष्मा. आणि पार्किंगमध्ये खडूने २४ x १६ चा चौकोन आखूनच तालीम. मोकळ्या जागेत बसवलेलं नाटक स्टेजवर मावत नाही.


पार_चौसष्ट

प्रकाशावर. मंडपात ब्लॅकआऊट (पूर्ण अंधार) होत नाही, हे मान्य करूनच प्रकाश आखा. रस्त्यावरचा दिवा, गॅलऱ्यांतले दिवे, कुणाचा तरी मोबाईल, यामुळे नट विंगेत जाताना दिसणारच. दोन प्रसंगांच्या मध्ये अंधार धरू नका. संगीताच्या आठ-दहा सेकंदांत निळसर उजेडात नटांनीच शिस्तीत सामान हलवावं. ते बघायला लोकांना आवडतं. दर्शनी पडदा नसेल तरी बिघडत नाही. पात्रं जागा घेऊन स्तब्ध उभी, उजेड वाढला, नाटक सुरू. घाशीराम कोतवाल नाटकात १९७२ साली माणसांची रांगच पडदा झाली होती, तेव्हा मखमलीवाचून कुणाचं अडू नये.

आठ एलईडी पार (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे) पुरतात : चार समोरून, दोन बाजूंनी, दोन मागून. समोरचे दिवे मंडपाच्या खांबांवर १४ फुटांवर, स्टेजच्या कडेपासून १०-१२ फूट पुढे, डावी-उजवीकडे. नटाचा चेहरा साधारण ८ फुटांवर येतो, म्हणजे कोन ३० अंशांच्या आसपास पडतो. नाट्यगृहातला ४५ अंशांचा कोन इथे मिळत नाही, चालेल. दिवे खाली स्टँडवर लावले तर मात्र सावल्या मागच्या पडद्यावर राक्षसासारख्या चढतात. नट पडद्यापासून ४ फूट पुढेच राहतील असं बसवा.

एलईडीच्या दोन खोडी. एक, थंड पांढऱ्यात चेहरे राखाडी दिसतात. वॉर्म व्हाईट मागा, किंवा रंगीत पारमध्ये लाल जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा अगदी थोडा असं मिश्रण घ्या. नुसत्या हिरव्या-निळ्यात लाल लिपस्टिक काळी पडते, रंगभूषा त्याच दिव्याखाली तपासा. दोन, फेड आऊटचा (उजेड हळूहळू मालवण्याचा) शेवट. हॅलोजन हळूहळू तांबूस होत विझतो, स्वस्त एलईडी शेवटच्या काही टक्क्यांत झटका देऊन बंद होतो. भावुक शेवट असेल तर तो झटका डोळ्यात खुपतो. १० टक्क्यांवर थांबा, नटाला पाठ फिरवू द्या आणि मग बंद करा.

लोड : एका पारच्या लेबलवर १५० ते १८० वॅट असतात, आठ मिळून सुमारे १३०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला ६ अँपिअरच्या आत. १००० वॅटचे जुने हॅलोजन पार आठ लावले तर ३५ अँपिअर, सोसायटीच्या साध्या पॉईंटवर ते अशक्य. लाईट आणि साउंड वेगळ्या सर्किटवर घ्या. आणि खाण्याच्या स्टॉलची इलेक्ट्रिक किटली यातल्या कुठल्याही सर्किटवर नको. १५०० वॅटची एक किटली साडेसहा अँपिअर खाते, स्टॉलवाले ती नेमकी प्रयोगाच्या मध्यावर लावतात.

मखरातले दिवे आणि समई बंद करायची नसते. त्याबद्दल कार्यकारिणीशी आधी बोला. फक्त लुकलुकणारी माळ नाटकापुरती स्थिर ठेवायला कुणाची हरकत नसते.


मैत्रेयी_ठाणे

वाचनखूण साठवली. स्किट करायचं असेल तर? टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांसारखं काहीतरी करा अशी फर्माईश प्रत्येक वर्षी असते.


रंगपट

मैत्रेयी, फर्माईश वाईट नाही. त्या कार्यक्रमांतले कलाकार मुळात रंगभूमीवर तयार झालेले असतात, त्यांचं टायमिंग अभ्यासण्यासारखं आहे. पण तिथे पंचनंतर (हशा आणणाऱ्या वाक्यानंतर) वाद्यवृंद ठोका देतो, परीक्षक हसताना दिसतात, आणि नको तो भाग संपादनात कापता येतो. मंडपात हे काही नाही. म्हणून की-बोर्डवाल्याला प्रत्येक पंचवर "ढँण" वाजवायला लावू नका. ते वाजलं आणि हशा आला नाही की पुढच्या पंचचंही वजन जातं.

हशा झेलायची रीत अशी : हशा चढेपर्यंत थांबायचं, उतरायला लागला की बोलायचं, पूर्ण विरायची वाट बघायची नाही. आणि हशानंतरच्या वाक्याचे पहिले दोन शब्द बुडाले तरी चालतील असे ठेवायचे : "अहो, पण मी म्हणतो..." आणि मग मुद्दा. थांबलेल्या वेळात नटाने पात्रातच राहायचं, आपणही हसायचं नाही. पंच ज्या शब्दावर आहे तो वाक्याच्या अगदी शेवटी आणा आणि त्या शब्दावर कुणीही हलू नये, अगदी कप उचलणारासुद्धा. नजर हालचालीकडे जाते आणि विनोद पडतो.

लांबीचंही बघा. स्टेजवर मराठी संवाद मिनिटाला साधारण ११०-१२० शब्दांनी जातो. ३० मिनिटांतून हशे आणि बदल यांची ४ मिनिटं वजा केली तर ३००० शब्दांची संहिता पुरे. वाचनात ३० मिनिटं भरलेली संहिता मंडपात ३८ होते.


संहिताघर

संहितेच्या परवानगीबद्दल बरेच गैरसमज आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराईट असतो. देवल १९१६ ला गेले, गडकरी १९१९ ला, त्यांचं साहित्य खुलं आहे. हयात किंवा अलीकडच्या लेखकाचं नाटक असेल तर कायद्यात एक सवलत आहे : हौशी मंडळाने बिनतिकिट प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग उल्लंघन धरला जात नाही. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२. तरीही लेखकाला पत्र किंवा फोन करून परवानगी घ्या आणि जमेल तेवढं मानधन द्या. लेखक बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात, आणि पात्रं कमी-जास्त करायची असतील तर ते विचारणं भागच आहे.

ही सवलत प्रयोगापुरती आहे. तोच प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकणं तिच्यात येत नाही. त्याची वेगळी लेखी परवानगी हवी. पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटातलं गाणं वापरलं असेल तर व्हिडिओवर हक्काचा दावा येतो किंवा आवाज बंद केला जातो. पेटी आणि तबला घेऊन सोसायटीतल्याच कुणी स्वतःचं काही वाजवलं तर हा प्रश्नच उरत नाही, शिवाय वादक नटाबरोबर थांबतो. ट्रॅक थांबत नाही.


मंडळ_कार्यकर्ती

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठी थोडी भर. इथे मंडप नसतो, शाळेचं किंवा कम्युनिटी सेंटरचं सभागृह तासांवर मिळतं. मांडायला आणि आवरायला मिळून वेळ मोजका, म्हणून नेपथ्य दोन जणांना उचलता येईल असंच आखा. बहुतेक सभागृहांत उघडी ज्योत चालत नाही, धूप लावला तर फायर अलार्म वाजू शकतो. नटराजपूजेला बॅटरीची समई घ्या.

इथल्या मुलांना मराठी कळतं, पण भरभर बोललेलं निसटतं. पडद्यावर अनुवादाच्या ओळी देत असाल तर एका वेळी एकच ओळ, फार तर ४० अक्षरं. प्रत्येक वाक्यानंतर एक कोरी स्लाईड ठेवा. पंचची ओळ नट बोलल्यावरच पुढे करायची. आधी दिसली की वाचणारे आधी हसतात आणि नट गोंधळतो. स्लाईड पुढे करणारी व्यक्ती किमान चार तालमींना हवी.


सुमेधा_क

कार्यक्रमाची वेळ कशी ठेवावी? आरती, बक्षिसं, जेवण आणि नाटक यांत नाटक नेहमी शेवटी ढकललं जातं.


विंगेतून

आरती साडेसातला, नाटक सव्वाआठला, पावणेनऊला संपवा, मग बक्षिसं, मग जेवण. बक्षिसांसाठी पालक थांबतात, म्हणून ती नाटकानंतर. जेवण आधी ठेवलं की खुर्च्या रिकाम्या. लाऊडस्पीकरची मर्यादा रात्री १० ची आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते, पण ते दिवस प्रशासन जाहीर करतं, आपण धरून चालायचं नाही. निवासी भागात रात्रीची पातळी ४५ डेसिबल आहे हेही कार्यकारिणीच्या कानावर घाला.

पहिल्या रांगेच्या पुढे ६ फूट जागा सोडून मुलांसाठी सतरंजी अंथरा आणि तिथे एक कार्यकर्ता बसवा. चित्रीकरणाला एकच जागा ठरवा, मधल्या वाटेत शेवटून तिसऱ्या रांगेपाशी, ट्रायपॉडवर. सुरू होण्याआधी जाहीर करा की चित्रीकरण उद्या सगळ्यांना पाठवू. मग फोन धरून उभे राहणारे निम्म्याहून कमी होतात. घंटा तीनही द्या, खरी पितळेची. पहिली १५ मिनिटं आधी, दुसरी ५ मिनिटं आधी.


आडपडदा

रेकॉर्डिंगबाबत माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. वयस्कर नटांसाठी मी अजूनही ते ठेवीन. हशाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. एक विचारतो : नाटक जिवंत आवाजात, पण संगीत आणि फोनची रिंग वगैरे रेकॉर्डेड, तर ते चालवायचं कशावर? बहुतेक जण मोबाईल ब्लूटूथने जोडतात.


ध्वनीखोली

ब्लूटूथ नको. आवाज पोचायला कधी कधी पाव सेकंदही लागतो, आणि रिंगच्या क्यूला (ठरलेल्या क्षणी आवाज सोडण्याला) तेवढा उशीर लगेच दिसतो. वायर लावा. फोन विमान मोडमध्ये, सगळ्या सूचना बंद, किंवा सरळ लॅपटॉप. प्रत्येक क्यूची वेगळी फाईल, नावाआधी क्रमांक : ०१, ०२, ०३. फाईलच्या सुरुवातीची शांतता कापून टाका. क्यू शब्दावर देण्याऐवजी हालचालीवर ठरवा : नटाने वर्तमानपत्र खाली ठेवलं की रिंग. शब्द विसरले जातात, हालचाल सहसा होतेच. नटाने फोन उचलल्यावर रिंग थांबवायची जबाबदारी ऑपरेटरची, म्हणून त्याला स्टेज सरळ दिसेल अशीच जागा द्या, स्पीकरमागे कोपऱ्यात नको.


पार_चौसष्ट

शेवटचं, वीज गेली तर. जनरेटर सुरू होऊन लोड घ्यायला अर्धा-पाऊण मिनिट जातं. मिक्सर आणि लॅपटॉप छोट्या यूपीएसवर ठेवा, नाहीतर लॅपटॉप पुन्हा उघडून क्यू शोधण्यात तीन मिनिटं जातात. नटांना आधीच सांगून ठेवा : वीज गेली की जिथे आहात तिथेच थांबायचं, विंगेत पळायचं नाही. पाटांच्या कडा अंधारात दिसत नाहीत, त्यांवर पांढरी टेप आधीच चिकटवा. दिवे आल्यावर मागचं अख्खं वाक्य पुन्हा घ्यायचं, आणि ते कुणी घ्यायचं हे प्रत्येक पानासाठी प्रॉम्प्टरने ठरवून दिलेलं असावं.